शेरा : अत्यंत उद्धट

“एक नंबर. सबनीसकाका,” मी म्हटलं आणि बटण सोडलं.

घर्रर्रर्र.

तीन सेकंद. दाढ कोरताना डोक्याच्या आत येतो तसला आवाज. मग शांत. मी वहीत वेळ लिहिली, सात वाजून एक मिनिट. शेऱ्याच्या रकान्यात ‘घर्र, ३ से.’ असं लिहिलं आणि काही घडलंच नाही अशा आवाजात पुढे गेले.

“दोन नंबर. चौगुले मिस्त्री.”

“हजर हाय मॅडम. तुमाला फाइव्ह-नाइन.”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, कराडातली. मी तेव्हा पॉलिटेक्निकची प्रयोगशाळा सांभाळायचे आणि रोज सकाळी सात वाजता गावातल्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम लोकांची, हवेवर हजेरी घ्यायचे. बत्तीस माणसं आणि सगळ्यांत मिळून एक फ्रिक्वेन्सी. अशा हजेरीला आमच्यात नेट आणि ती घेणाऱ्याला नेट कंट्रोल म्हणतात. पद मोठं वाटतं, पण काम बालवाडीच्या बाईंचंच. ‘फाइव्ह-नाइन’ म्हणजे तुमचा आवाज कसा येतोय त्याचे गुण. स्पष्टपणाला पाचपैकी पाच, जोराला नऊपैकी नऊ. खरं तर नीट ऐकून द्यायचे असतात. पण लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक कसा झाला म्हणून विचारल्यावर कोणी खरं सांगतं का? तसंच आमचं. समोरचा खरखरला, गुदमरला, अर्धा हवेतच राहिला, तरी फाइव्ह-नाइन.

आणि त्यावरूनच सगळं बिघडलं होतं.

दिगंबर सबनीस, आमचे सबनीसकाका, बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. क्लब त्यांनी काढला, नियम त्यांनी केले, आणि मला मोर्स शिकवलं तेही त्यांनीच, टेबलावर चमचा आपटून. क्लबाच्या यादीत सव्वीस वर्षं ते एक नंबरला होते. त्यांच्या नियमांपैकी तीन इथे सांगायला हवेत. पहिला, बोलताना खोलीतल्या दुसऱ्या सेटचा आवाज पूर्ण बंद करायचा, नाहीतर शिट्टी वाजते. दुसरा, कोणी मुद्दाम मध्ये आवाज करून त्रास दिला तर हवेवर त्याचा उल्लेखसुद्धा करायचा नाही, उल्लेख हाच त्याचा खुराक. तिसरा, जो सलग तीस दिवस गैरहजर राहील त्याला तिसाव्या दिवशी तीन हाका मारायच्या आणि नाव खोडायचं. मग तो कोणी का असेना.

भांडण झालं ते क्लबाच्या बैठकीत. आमच्यातल्या तिघांनी डिजिटल रेडिओ घेतले होते. त्यांचा म्होरक्या डॉक्टर निनाद खोत, दातांचा डॉक्टर. डिजिटलचा आवाज डिजिटल सेटवर अगदी स्वच्छ येतो, पण आमच्या साध्या सेटवर तोच आवाज नुसता घर्र असा येतो. शब्द एक नाही. तिघांचं म्हणणं, आम्हाला संध्याकाळचा एक तास द्या. मी म्हटलं, द्यायला काय हरकत आहे?

काका उभे राहिले. “उजे, तू हवा वाटायला निघालीस. आज एक तास देशील, उद्या हे सकाळी सातला येऊन मिक्सर लावतील. हॅम म्हणजे कानाने ओळखायची माणसं. त्या यंत्रात माणूस कुठाय?”

“काका, त्यांचा आवाज स्वच्छ येतो.”

“आणि आमचा येत नाही वाटतं?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दिवसभर पोरांच्या जर्नलवर सह्या करून माझं डोकं उठलं होतं. “नाही येत,” मी म्हटलं. “दोन वर्षं झाली, तुमच्या सेटमधून अक्षर कळत नाही. तुमच्या नावावर काहीतरी खरखरलं की आम्ही अंदाजाने हजेरी मांडतो. आम्ही सगळे आपलं वयाकडे बघून फाइव्ह-नाइन म्हणतो.”

खोत छताकडे बघू लागला. काकांनी टोपी घातली, चपला शोधल्या, एक सापडेना म्हणून तसेच दारात उभे राहिले, चौगुलेंनी ती बाकाखालून काढून दिली, आणि ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावावर उत्तर नाही. तीन दिवस नुसती शांतता. चौथ्या दिवसापासून ते घर्र सुरू झालं, नेमकं हजेरीच्या तोंडावर, आणि नेमकं त्याच आठवड्यात जेव्हा डिजिटलवाल्यांना संध्याकाळचा तास मिळाला.

सगळ्यांचं बोट एकाच दिशेला गेलं. हवेवर कोणी चकार शब्द काढला नाही, दुसऱ्या नियमाने तोंडं शिवलेली. पण खोतच्या दवाखान्यातली गर्दी ओसरली. आमच्यातले दोघे तर सुजलेल्या गालांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

“मॅडम, आईशप्पथ, मी सात वाजता झोपलेला असतो,” खोत काकुळतीने म्हणाला. “हजेरीलाही मी साध्या सेटवर पांघरुणातूनच हजर म्हणतो. आम्हा तिघांचे डिजिटल सेट तर संध्याकाळशिवाय चालूच नसतात.”

बाराव्या दिवशी तर कहर झाला. मी काकांचं नाव घेतलं आणि घर्र सुरू झालं ते थांबेचना. मध्ये जरा अडखळल्यासारखं व्हायचं, पुन्हा सुरू. चाळीस सेकंद. मी रागाने वहीत लिहिलं, ‘घर्र, ४० से. अत्यंत उद्धट.’ आणि पेनने खाली दोन रेघा ओढल्या.

काकांना फोन करावा असं रोज वाटायचं. त्यांची सोमवार पेठ माझ्या घरापासून चार गल्ल्या. पण फोन करून बोलायचं काय? मी खरं बोलले होते आणि वाईटही बोलले होते, दोन्ही एकदमच. शेवटी मी चौगुलेंना पाठवलं. चौगुले बांधकामं घेतात. स्वभावाने इतके मऊ की त्यांचे मजूर त्यांनाच रागावतात.

ते परत आले ते चेहरा पाडून. “काका दारात आलंच न्हाईत, मॅडम. आतनंच वरडले. म्हणाले, मी माझं रोज सांगतोय, ज्यांना ऐकायचं न्हाई त्यांनी ऐकू नये, वर देव बगतोय.”

“म्हणजे?”

“म्हंजे काका देवाधर्माला लागल्यात.”

मला भरून आलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सत्यनारायणाच्या पूजेतही फक्त लाउडस्पीकर तपासला, तो माझ्या एका वाक्याने देवाला लागला.

असे दिवस मोजता मोजता तिसावा दिवस रविवारी आला. मला तीन हाका मारून काकांचं नाव खोडायचं होतं. शनिवारी चौगुले म्हणाले, “काकांच्या शेवटच्या हजेरीत त्यो हरामखोर घरघरला तर मला सोसायचं न्हाई. उद्या त्याला धरू.” आणि त्यांनी आपल्या कामाच्या दोन पोलादी टेपा कापून, पाइपावर आडव्या बसवून, टोकाला आपला सेट जोडून अँटेना केली. अशी अँटेना हातात धरून फिरवली की आवाज कुठून येतो ते कळतं.

सकाळी पावणेसातला आम्ही चौगुलेंच्या टेम्पोतून निघालो. पुढे चौगुले आणि मी, माझ्या हातात हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, आणि मांडीवर वही. मागे हौद्यात अँटेना धरून डॉक्टर खोत. त्याला मुद्दाम सोबत घेतलं होतं. समोर असला म्हणजे घरी बसून बटण दाबू शकणार नाही, हा चौगुलेंचा हिशेब.

स्टेडियमपाशी टेम्पो थांबवला. सात वाजले.

“एक नंबर. सबनीसकाका. तिसावा दिवस, पहिली हाक.”

घर्रर्रर्र.

“मॅडम, बघा! बघा!” हौद्यात खोत आनंदाने नाचत होता. “माझे दोन्ही हात अँटेनाला आहेत!”

“नाचू नका, दिशा सांगा!”

“सोमवार पेठ!”

टेम्पो सोमवार पेठेच्या तोंडाशी आणला. हजेरी अर्धवट लटकलेली, गावभर बाकीची माणसं सेटला कान लावून बसलेली. मी दुसरी हाक मारली.

यावेळी घर्र सुरू झालं ते थांबलंच नाही. मध्येच दम घेतल्यासारखं तुटायचं आणि दुप्पट जोराने परत. खोतने हौद्यातून उडी मारली आणि अँटेना पुढे धरून पळत सुटला. मागे मी, माझ्यामागे चौगुले. दूधवाला बाजूला झाला. एका बाईंनी पोराला आत ओढलं. खोत उजवीकडे वळला, डावीकडे वळला आणि एका निळ्या फाटकासमोर थांबला. अँटेना सरळ आत रोखलेली.

ते सबनीसकाकांचं घर होतं.

चौगुलेंनी कमरेवर हात ठेवले. “आगागा. म्हंजे त्यो काकांच्याच घरात घुसलाय.”

“तीस दिवस?” मी विचारलं.

“काकास्नी बांधून घातलं आसंल. म्हणून तर देवाचा धावा करत्यात!”

हसू नका. मलाही त्या क्षणी ते पटलं. आम्ही फाटक ढकलून धावलो. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात काकू मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होत्या, इतक्या निवांतपणे की घरात कोणी घुसलं असेल तर त्याला चहा देऊन झालेला दिसत होता.

“काकू, काका कुठायत?” मी ओरडले.

“चपला काढा आधी,” काकू मिक्सरच्या आवाजावर ओरडल्या. “आणि ते कपडे वाळत घालायचं बाहेर ठेवा.”

अँटेना दारातून जाईना म्हणून खोतने ती उभी केली, मग आडवी, मग तिरकी, आणि शेवटी अंगणातच सोडली. आम्ही मागच्या खोलीचं दार लोटलं.

काका पाठमोरे बसले होते. अंगात बनियन, मान लाल. टेबलावर त्यांचा जुना सेट. डावा हात त्याच्या आवाजाच्या खुंटीवर, खुंटी शून्यावर. उजव्या हातात एक कोरी करकरीत हँडी, आणि तीत ते गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते.

“सबनीस हजर! हजर! हजर! उजे, सत्तावीस दिवस बोंबलतोय, बहिरी झालीस का गं तू!”

आणि माझ्या हातातल्या सेटमधून, त्याच तालावर, घर्र! घर्र! घर्र!

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. काका वळले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो, ते आमच्याकडे.

“आता तोंडावर हजेरी घ्यायला आलीस?” ते म्हणाले. “की नाव खोडायला?”

खोत पुढे झाला. त्याने डॉक्टरी हळुवारपणे काकांच्या मुठीतून हँडी सोडवली, डोळ्यांजवळ नेली आणि घसा खाकरला. “काका, हा कधी घेतलात?”

“ही उजी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. तीन दिवस भाचीकडे राहून सगळी दुकानं पालथी घातली. म्हटलं, सगळ्यात स्वच्छ आवाजाचा द्या, ज्याच्यात खरखर म्हणून येत नाही असा. ऐकायला माझा जुना चांगलाय, पण बोलायला हा. बघू म्हटलं आता कशी ऐकू येत नाही म्हणते.”

“माहितीपुस्तक वाचलंत?”

“मी?” काकांचा आवाज चढला. “एकेचाळीस वर्षं सेट चालवले. मी पुस्तक वाचू?”

“काका,” खोत म्हणाला, वाईट बातमी सांगताना डॉक्टर करतात तसा आवाज करून, “दुकानदाराने हा डिजिटलवर लावून दिलाय.”

काकांनी आधी हँडीकडे पाहिलं, मग शून्यावरच्या खुंटीकडे, मग माझ्या सेटकडे. त्यांच्याच पहिल्या नियमाने त्यांना स्वतःचं घर्र कधी ऐकू आलं नव्हतं, आणि त्यांच्याच दुसऱ्या नियमाने त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

“म्हणजे मिक्सर,” ते हळूच म्हणाले, “मी लावत होतो.”

“काका, अख्ख्या कराडात सगळ्यात शुद्ध डिजिटल तुमचं आहे,” खोत म्हणाला.

“बाहेर कुठे बोलू नकोस.”

खोतने कुठलीशी कळ दोनदा दाबून हँडी साध्या आवाजावर आणली आणि परत दिली. मला एकदम आठवलं की नेट अजून उघडंच आहे, तिसरी हाक राहिली आहे, आणि बाकीचे सगळे वाट बघताहेत. मी खोलीच्या कोपऱ्यात गेले, पाठ फिरवली आणि बटण दाबलं.

“एक नंबर. सबनीसकाका. तिसरी आणि शेवटची हाक.”

काकांनी बटण दाबलं. “सबनीस. हजर.”

घाईत ते खुंटी शून्यावर ठेवायला विसरले नव्हते. मी विसरले. माझा सेट त्यांच्या शेजारी अशी काही कर्कश शिट्टी मारून उठला की काकू पळत आल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि चौगुलेंनी कान झाकले. पण त्या शिट्टीच्या आधी, दोन शब्द, लख्ख ऐकू आले होते.

“काका, फाइव्ह-नाइन,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. “खरं? की वयाकडे बघून?”

“खरं, काका.”

त्यांनी मान हलवली आणि उगाचच टेबलावरची धूळ पुसली. मला रडू येत होतं, पण पुढे एकतीस नावं होती. मी ती तिथेच उभी राहून घेतली.

चहाच्या वेळी काका म्हणाले, “लॉग आण. मी नसताना वही कशी ठेवलीस बघतो.”

त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचू लागले. “घर्र, तीन सेकंद. घर्र, तीन सेकंद. घर्र, चार. वेळा बरोबर आहेत. अक्षर सुधार.” मग बोट थांबलं. “घर्र, चाळीस सेकंद.” पुढचे दोन शब्द त्यांनी मनात वाचले. त्याखालच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग वही मिटली आणि चहा बशीत ओतला.

“हा बारावा दिवस,” मी म्हटलं. “त्या दिवशी एवढं काय बोलत होतात?”

“हजेरी.”

“चाळीस सेकंद?”

काकूंनी चटणीची वाटी ठेवली. “बारावा म्हणजे बुधवार ना? त्या दिवशी यांनी पहाटे उठून इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, सेटसमोर बसायला शर्ट कशाला, रोज बनियनवर बसता. तर म्हणाले, आज उजूशी बोलायचंय.”

मी काकांकडे पाहिलं. ते बशी फुंकत होते. चहा केव्हाच गार झाला होता.

“आणि संपल्यावर बराच वेळ आवाज मोठा करून बसले होते,” काकू म्हणाल्या. “तू लगेच दुसऱ्याचं नाव घेतलंस म्हणे. मग दिवसभर जेवले नाहीत.”

“काय म्हणालात काका त्या दिवशी?”

“बोलून झालं ते. हवेत सोडलेलं परत येत नाही. आणि तुझ्या लॉगला आहे की नोंद.”

“काकू, तुम्ही तरी ऐकलं असेल ना?”

“अगं, मिक्सर चालू होता,” काकू म्हणाल्या.

घरी येऊन मी ती वही किती वेळ बघत बसले. सत्तावीस दिवस तो माणूस हजर होता आणि रोज माझ्याच हाताने मी ते लिहून ठेवलं होतं, शेऱ्याच्या रकान्यात. मीही त्यांना काही सांगायला हवं होतं. समोर बसून ते मला जमलं नसतं, आणि त्यांनाही ऐकवलं नसतं.

मी संध्याकाळी खोतची डिजिटल हँडी मागून आणली. त्याला बजावलं, उद्या सकाळी सात ते सव्वासात तुम्हा तिघांचे सगळे डिजिटल सेट बंद. त्याने बंद ठेवले असं तो अजूनही म्हणतो.

सोमवारी सात वाजता मी कॉलेजची कडक साडी नेसून सेटसमोर बसले. “एक नंबर. सबनीसकाका.”

“हजर.”

दुसऱ्या नंबरकडे न जाता मी माझ्या सेटची खुंटी शून्यावर नेली, खोतची हँडी उचलली, घड्याळ समोर ठेवलं आणि बोलले. काय बोलले ते सांगणार नाही. मध्ये दोनदा अडखळले. चाळीस सेकंद झाल्यावर बटण सोडलं आणि माझ्या सेटचा आवाज मोठा केला.

मी पेन उघडलं. मग काकांचा आवाज आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते हवेवर स्वतःचा दुसरा नियम मोडत होते.

“नेट कंट्रोल, आत्ता हस्तक्षेप झाला. नोंद घे.”

“घेते. किती सेकंद, काका?”

“चाळीस.”

“शेरा?”

“अत्यंत उद्धट,” काका म्हणाले, आणि बटण सोडायचं विसरले. त्यामुळे त्यानंतर त्यांनी जे नाक शिंकरलं ते एकतीस माणसांनी ऐकलं.

मी लॉगमध्ये लिहिलं, फाइव्ह-नाइन.